आतला कोपरा

७ जानेवारी १९९६, रविवार
संकल्प केला. २९ मार्चला सोलांज कारखान्यातून निवृत्त होते. तेहतीस वर्षं तिनं घड्याळांच्या यंत्रांच्या कडा घासल्या, आणि मी निवृत्त होईपर्यंत या दरीत पोस्टाची पिवळी बस चालवली. निरोपाला बायकोला काय द्यावं? मेव्हणा म्हणाला, ओव्हन दे. तो चीज विकतो, त्याच्याकडून दुसरं काय येणार. मी खिशात ठेवायचं घड्याळ तयार करून देणार. मागचं झाकण काचेचं, आतली प्रत्येक कड माझ्या हातची. अर्थात गुपचूप. काम तीन आठवड्यांचं. वेळ भरपूर.

१३ जानेवारी
लोसानच्या जुन्या बाजारातून एकाच जातीची तीन यंत्रं आणली. एक चालू निघालं. भिंग लावून जेवणापर्यंत बघत बसलो. चाकाचा दात दुसऱ्या दाताला नुसता शिवतो आणि बाजूला होतो, ढकलाढकली नाही. तोलाचं चाक इकडून तिकडे झुलतं, त्याच्याखाली केसाहून बारीक स्प्रिंग उघडते, मिटते. कुणीतरी नव्वद वर्षांपूर्वी हे केलं आणि वर झाकण लावून टाकलं. कुणी बघणार नाही हे माहीत असून. डोळे भरून आले. (भिंगाचा ताणही असेल.)

१६ जानेवारी, सकाळी ७
सोलांज कामाला गेली. तिच्या घरच्या कामाच्या टेबलाशी बसलो. चाकांना वरून धरून ठेवणारी जी पट्टी असते, तिला इथं पूल म्हणतात. त्याची कड तिरकी घासून आरशासारखी करायची, बस. मोलांद्र्यूच्या घाटात बर्फातून बस वळवलेल्या माणसाला कसली आलीय भीती.

१६ जानेवारी, सकाळी ११
पहिला पूल गेला. दोष उजेडाचा. नवा दिवा घेणार.

२५ जानेवारी
दिवा आला. अवघड जागा एकच, आतला कोपरा. दोन तिरक्या कडा आत येऊन जिथं भेटतात तिथं रेघ सुरीसारखी हवी. यंत्राला ते जमत नाही, माणसाचाच हात लागतो. माझे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल होतात. रात्री सूप पिताना सोलांजला समजावलं की कोपऱ्याचं गुपित मनगटाच्या संयमात आहे. ती म्हणाली, हं. तेहतीस वर्षांत तिनं याचा विचार केलेला दिसत नाही.

५ फेब्रुवारी
दुसरा पूल गेला. शेजारच्या ग्रोबेचं बर्फ काढायचं मशीन ऐन वेळी सुरू झालं. त्याला सांगितलं, इथं नाजूक काम चालतं. तो म्हणाला, बेर्नेसाहेब, तुमच्या दारातलाच बर्फ काढतोय.

९ फेब्रुवारी
पॉलिशला जेन्शनच्या झाडाची वाळकी काडी लागते. डोंगरावर ढीगभर मिळते, पण आता डोंगर बर्फाखाली. म्हणून सोलांजच्या ड्रॉवरमधून घेतो. आज ती म्हणाली, माझ्या काड्या कमी होतायत, अन्सेल्म, घरात उंदीर झालाय का? मी म्हणालो, असेल.

१० फेब्रुवारी
तिनं ड्रॉवरमध्ये सापळा लावला होता. दोन बोटं सुजलीत. गाडीच्या दारात सापडली असं सांगितलं. तिनं मुकाट्यानं मलम लावलं. संशय आलेला नाही.

२४ फेब्रुवारी
बोटांमुळे दोन आठवडे वाया. शेवटचा पूल हातात घेतला. कड सरळ येईना. वैताग. मेव्हण्याला फोन केला, ओव्हन कुठला म्हणत होतास? मग लाज वाटून ठेवून दिला.

१ मार्च
म्हातारा मारियस पन्नास वर्षं घड्याळजी होता. त्याच्याकडे गेलो. भिंगातून बराच वेळ बघून त्यानं विचारलं, हे बकरीनं चावलंय का? मी म्हणालो, माझ्या ओळखीचा एक शिकाऊ आहे. तो म्हणाला, त्याला म्हणावं, बस चालव. कडा घासणं हे माझं काम नव्हे, पण एक चांगला हात माहितीय. ठेवून जा.
याला हार म्हणत नाहीत. चर्च बांधणारा स्वतः दगड फोडत नसतो.

१९ मार्च
मिळालं. जोडणी मारियसनंच केली, काचेच्या झाकणासकट. आणि तो पूल! उजेड कडेवरून न अडखळता धावतो आणि आतल्या कोपऱ्यात टचकन तुटतो. अर्धा तास डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. नीट पाहिलं तर माझ्याच हाताची दिशा दिसते, पुढच्यानं फक्त ती पूर्ण केली. म्हणजे काम माझंच धरायला हरकत नाही.

२९ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी ८
निरोप झाला. कारखान्याच्या हॉलमध्ये तिच्या खात्यातल्या आठही जणी होत्या. मी घड्याळ दिलं आणि वीस मिनिटं बोललो. वाया गेलेले पूल, सुजलेली बोटं, आतला कोपरा. सोलांजनं सवयीनं भिंग लावून पाहिलं. म्हणाली, छान झालंय, वेळ लागला असेल. मी म्हणालो, दहा आठवडे. जोझियान नावाच्या बाईनं विचारलं, बेर्नेसाहेब, कोपऱ्याला पेस्ट कुठली वापरलीत? मी म्हणालो, हिऱ्याची, अगदी किंचित. तिला वाईनचा ठसका लागला. बाकीच्या ताटात बघत होत्या. भारावून गेल्या असाव्यात.

३० मार्च, सकाळी
सोलांजनं कॉफी ओतता ओतता सांगितलं. मारियस तो पूल तिच्याकडेच घेऊन आला होता. माझे ओरखडे तिनं लगेच ओळखले, कारण मी वापरलेल्या तिच्या घरच्या कानशीचा एक दात तुटका आहे. दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत ती तो घासत होती. त्या आठ जणी भोवती बसून डबा खात होत्या.
मी विचारलं, मग मला बोलू का दिलंस? ती म्हणाली, इतका मनापासून बोलत होतास, मध्ये कुठं थांबवणार. आणि झाकणाच्या काठाशी, जिथं कुणी बघत नाही, तिथला एक कोपरा तुझाच ठेवलाय. हात लावला नाही.
भिंग लावून पाहिला. वाकडा आहे. उजेड कुठलाही असो, वाकडाच दिसतो.

३० मार्च, दुपारी
स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, मला शिकवशील? ती म्हणाली, आधी महिनाभर टेबल पुसायला शीक. कारखान्यात मलाही तेच सांगितलं होतं.
पुसलं.
तिनं बोट फिरवून बघितलं आणि फडकं परत माझ्या हातात दिलं.