अंकुशच्या जिमचा काळा डब्बा

२२ सप्टेंबर, सोमवार

आणि वरून मलेच विचारते तो डॉक्टर, "किती पितात?" म्हटलं, काय, चहा? तर गालात हसला. ज्या माणसानं स्वतःच्या वरातीत सोडासुद्धा तोंडाले लावला नाही, त्याले कावीळ काय झाली, लगेच दारुडा ठरवून मोकळे! "बायका लपवतात," म्हणे. म्हटलं, माझा नवरा हिंगण्याले कंपनीची बस चालवते. रोज सकाळी गेटवर नळीत फुंकल्याशिवाय चाबी हातात देत नाहीत त्याले. आजपर्यंत एकदा मशीन बोंबललं असेल तर सांगा. "बरं बरं," म्हणाला आणि रक्त तपासायची चिठ्ठी लिहिली. माझ्याकडं पाहिलं पण नाही.

घरी आली तर शेजारची शामला दारातच. घट बसवायचे राहिले होते आणि हिचं भलतंच. "कमी करायले सांगा वं त्याइले." काय कमी करायले सांगू? श्वास?

श्वेतावर खेकसली. पोरगी म्हणते, "आई, माझ्यावर ओरडू नको. लिहून टाक." तिचीच कॉलेजची उरलेली वही. म्हणून लिहून राहिली. सातवी नापास बाईचं अक्षर आहे, कोणाले वाचायचं थोडीच आहे.

२३ सप्टेंबर

ह्यांचे डोळे हळद कालवल्यासारखे. फोडणीचा वास आला की मोरीकडं पळतात. अंगाले खाज अशी की कंगवा घेऊन पाठ खाजवून राहिले. दात तुटले कंगव्याचे.

२५ सप्टेंबर

ह्यांले कन्हान गावाले घेऊन गेली. सगळे म्हणतात, काविळीची माळ घाला. नानाजी नावाचे एक म्हातारे आहेत, कोणत्या तरी मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून डोक्यावर ठेवतात. माळ आपोआप वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर. तशी कावीळ उतरते. पथ्य कडक. तेल नाही, मीठ नाही, हळद नाही. उसाचा रस आणि फुटाणे.

"दुसरी काही दवा चालू असेल तर बंद," नानाजी म्हणाले.

"काही चालू नाही," हे म्हणाले. मी पण मान हलवली.

खोटं नाही बोललो. जिमची पावडर दवा थोडीच आहे?

ही जिम माझ्या लहान भावाची, अंकुशची. बसवर बसून बसून ह्यांचं पोट सुटलं होतं. अंकुशच म्हणाला, "चला भाऊजी, तुमाले हिरो बनवतो." मागच्या वर्षी सुरू केलं. होळी झाल्यावर तो काळा डब्बा आला, वर सिंहाचं तोंड. पावडर दुधात, आणि त्यातल्याच पुडीतल्या गोळ्या वरून. आणि शेहेचाळीसच्या वयात दंड असे फुगले की शर्टाच्या बाह्या उसवायले लागल्या. पोळ्याच्या टायमाले अंकुशनं जिमच्या दारावर मोठ्ठा फ्लेक्स लावला. एकीकडं पोट सुटलेले आमचे रुपराव, एकीकडं दंड काढलेले रुपराव, खाली डब्ब्याचा फोटो. मी हसली होती. पण भाजी आणायले जाताना त्याच रस्त्यानं जायची.

२८ सप्टेंबर

माळ छातीखाली आली. शामला म्हणते, उतरून राहिली पाहा. माळ उतरून राहिली हे मलेही दिसते. डोळे जास्तच पिवळे. लघवी कोऱ्या चहासारखी.

अंकुश भेटायले आला. "काय गा भाऊजी, बॉडी उतरली न तुमची. फ्लेक्सवाल्या माणसानं असं झोपायचं नसते." हे हसले, किती दिवसांनी. मी पोहे केले, वरून चण्याचा रस्सा. ताट बाजूले सारलं त्यानं. "वास नको वाटते वं ताई. डाएट आहे." लहानपणी खरवडीसाठी भांडणारा हा. आता नखरे.

१ ऑक्टोबर



दुपारी पाणी द्यायले गेली तर हे पलंगाच्या मागे उकिडवे बसून. तोंडाले पांढरी पावडर. मांडीवर काळा डब्बा.

"अवं, नुसत्या फुटाण्यावर अंग राहते का? सगळी मेहनत वाया जाऊन राहिली. म्हणून थोडं जास्त घेतलं."

"जास्त?"

कावीळ झाल्यापासून गोळ्या दुप्पट. मी विचारलं, पथ्याचं काय? तर मलेच समजावते हा माणूस. नानाजीनं खाणं सांगितलं आणि दवा सांगितली. हे खाणंही नाही आणि दवाही नाही. बस चालवणारा माणूस, सिग्नल नाही म्हणजे थांबायचं नाही.

आणि मीच मान हलवली होती कन्हानले.

माळ धरून ओढली. तुटली. मुळ्या सगळ्या घरभर.

२ ऑक्टोबर, दसरा

मोठ्या दवाखान्यात भरती. वॉर्डातल्या नर्सनं ह्यांच्या उशाशी आपट्याचं पान ठेवलं. सोनं घ्या म्हणे. पान हिरवं, हात पिवळा.

४ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा कोणी दारू नाही विचारली. बारीकशी डॉक्टर मॅडम आहे, माझ्या श्वेतापेक्षा थोडी मोठी. म्हणाली, "काका, जिमला जाता का? काही पावडर, गोळी, इंजेक्शन?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. सांगू नको असं पाहिलं. मी सांगितलं.

मॅडम म्हणाली, लिव्हर खराब करायले दारूच लागते असं नाही. डब्ब्यावर आयुर्वेदिक लिहिलं म्हणजे आत तेच असेल असं नाही. काही लोक गुपचूप स्टेरॉईड मिसळतात, अंग लवकर फुगावं म्हणून. "आता एकही गोळी नाही. आणि तो डब्बा आणा. आत काय आहे आणि कुठून येते, ते कळलं पाहिजे."

ती गेल्यावर हे भिंतीकडं तोंड करून झोपले. "अंकुशचा धंदा बसवशील तू." स्वतःचं लिव्हर गेलं, पण माझ्या भावाची काळजी ह्याले माझ्यापेक्षा जास्त.

घरी येऊन पलंगाखाली पाहिलं. डब्बा नाही.

श्वेता म्हणाली, "दुपारी मामा घेऊन गेला."

६ ऑक्टोबर

अंकुश फोन उचलत नाही. शेवटी त्याच्या बायकोनं, दिपालीनं उचलला. "झोपले आहेत ताई. आजकाल झोपूनच राहतात. जेवणही नको म्हणतात." म्हटलं, जागा झाला की सांग, बहीण मेली नाही अजून. ठेवला फोन.

९ ऑक्टोबर

स्वतः गेली जिमवर. अंकुश नाहीच. फ्लेक्स तसाच, माझा नवरा दारावर दंड काढून उभा. आत काउंटरवर एक माणूस काळा डब्बा बांधून घेऊन राहिला होता. मी म्हटलं, काहून घेता?

"बाहेरचा फोटो पाहिला न? ते काका पाहा या वयात काय दिसतात."

"ते काका आता कसे दिसतात ते पाहायचं असेल तर चला माझ्यासोबत. दवाखान्यात आहेत."

डब्बा काउंटरवर ठेवून गेला तो. मी मग स्टूल मागितला. कोणी दिला नाही. बाहेर पानठेल्यावरून आणला. फ्लेक्सच्या सुतळ्या सोडल्या, गुंडाळी केली, घरी आणली. आणि मोठं शहाणपण! तो काउंटरवरचा डब्बा उचलायचं सुचलंच नाही. ऑटोत बसल्यावर सुचलं. परत गेली तर शटर खाली.

११ ऑक्टोबर

आता आला त्याचा फोन. फ्लेक्स काढला म्हणून.

"धंद्यावर लाथ मारली तू ताई."

"डब्ब्यात काय आहे?"

"आयुर्वेदिक आहे."

"कोण सांगते?"

"बर्डीच्या बाजारातला एक माणूस आणून देते. तोच सांगते."

"त्याचं नाव दे."

"माझ्या मागं पोलीस लागतील, समजत नाही का तुले? दुकान, बायको, सगळं रस्त्यावर येईल."

"आणि माझा नवरा?"

त्याचा श्वास ऐकू येऊन राहिला होता, जिना चढून आल्यासारखा. मग ठेवून दिला.

१२ ऑक्टोबर

काही नाही. थकली.

१३ ऑक्टोबर

रक्ताचा रिपोर्ट आला. कावीळ उतरली नाही. मॅडम म्हणाली, थोडं थांबून पाहू, नाही उतरली तर... आणि फाईल मिटली. डब्बा मिळाला का विचारलं. मी मान खाली घातली. शिकलेल्या पोरीसमोर मी कधी मान खाली घातली नाही.

ह्यांचे दंड सुकले. सलाईन लावायले नर्सनं हात उचलला तर कातडी लोंबून राहिली. मले म्हणाले, "अंकुशले बोलू नको. माझ्याच हातानं खाल्लं मी." मी खाजवायचा नवा कंगवा त्यांच्या हातात दिला. दुसरं काय देऊ?

१५ ऑक्टोबर

अंकुश वॉर्डात आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा, छताखाली काळा चष्मा लावून. हे म्हणाले, "काढ गा तो गॉगल, कोणता हिरो आहे तू." काढेना. मीच हात घालून काढला.

डोळे तसेच. घट बसले त्या दिवशी ह्यांचे होते, हुबेहूब तसेच.

"कधीपासून?"

"तुझे पोहे नको म्हटले न ताई, तेव्हापासून. फसवलं नाही मी कोणाले. त्याच डब्ब्यातलं मी रोज खातो."

रक्त दे म्हटलं तर मागं सरकला. डॉक्टर विचारतील, कुठून आणलं.

मी सांगितलं त्याले, सगळ्या वॉर्डासमोर. तेवीसले भाऊबीज आहे. ताट मी इथंच लावते, ह्यांच्या पलंगाजवळ. तोपर्यंत डब्बा घेऊन मॅडमसमोर बस, रक्त दे, त्या माणसाचं नाव दे. येतो की नाही, तेवीसच्या आत सांग. नाही आला तर त्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी चंद्राले ओवाळीन. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तशी.