मराठी आठ

मोशी,
दि. ६ ऑगस्ट २०२४

ती. स्व. अक्कास,
धाकट्या भिमाजीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझे ऐकू येत नाही आणि ओरडलो तर शेजारी दार उघडून बघतात, म्हणून पत्र. पोस्टातली बाई म्हणाली, बाबा, तुमच्यामुळेच आमची पेटी अजून भिंतीवर आहे.

इकडे सगळे खुशाल आहेत असे लिहायची पद्धत आहे, पण मला खोटे लिहवत नाही. नातीला, उत्कर्षाला, निगडीच्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत नेणारी युनूसभाईची व्हॅन बंद झाली. गाडीचे वय संपले, आता ती रस्त्यावर चालत नाही. दुसरी व्हॅन मोशीपर्यंत यायला तयार नाही. पोर आषाढापासून घरात बसून आहे. सूनबाई मिनल पहाटेच कंपनीच्या बसने चाकणला जाते. तिने शिफ्ट बदलून मागितली तर सुपरवायझर म्हणाला, ताई, मग घरीच राहा. प्रीतमला कंपनीने गुजरातच्या प्लँटला पाठवले आहे, तो सुट्टी मिळेल तेव्हा येतो. राहिलो मी.

मी तिला पीएमटीने नेऊन पाहिले. भोसरीला बस बदलताना गर्दीत हात सुटला. कानात मशीन आहे, पण त्या गोंगाटात त्याचा उपयोग नाही. मी घसा फोडून हाका मारत होतो आणि ती पाठमोरी चालली होती. एका भाजीवाल्या बाईने धरून ठेवली म्हणून बरे. त्या दिवसापासून मिनलने बसला मनाई केली आहे. तिचे चूक नाही.

प्रीतमची स्कूटर दारात उभी आहे. मिनल म्हणाली, आबा, रीतसर लायसन्स काढा, मगच पोरीला मागे बसवू देईन. शाळेच्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिची जागा धरून ठेवायचे कबूल केले आहे. त्यापुढे त्यांचाही इलाज नाही, बरीच मुले वाट बघत आहेत. कच्चे लायसन्स मिळाले. डॉक्टरने डोळे तपासून कागद दिला. आता मैदानावरची परीक्षा. स्कूटरवर बसून पाय न टेकता आठ काढायचा असतो, असे युनूसभाई म्हणाला.

जन्मभर सायकलच चालवलेला माणूस मी. नदीकडच्या रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने आठ आखला आहे आणि सकाळी कोणी नसताना गिरवतो. पडलो तर काय, पोलिसाने अडवले तर काय, पोरगी मागे झोपली तर काय, हेच डोक्यात फिरते. मला हे जमेल असे वाटत नाही.

लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझा
भिमाजी

*

ओतूर,
दि. १७ ऑगस्ट २०२४

चि. भिमाजीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. साठी कधीच उलटली, गुडघ्याला तेल चोळतोस आणि स्कूटर शिकतोस. सुनेला सांगितलं तर म्हणाली, मामांना गुडघ्याला बांधायच्या गाद्या मिळतात, त्या पाठवू का. मी म्हटलं, उशी पाठव, पडायचाच आहे.

आठाचं एवढं काय घेऊन बसलास? पाटीवर माझा आठ तुझ्यापेक्षा सुबक यायचा, गुरुजी वर्गाला दाखवायचे. वरून सावकाश सुरू करायचं, डावीकडे गोल पोट काढायचं आणि खाली अलगद शेपूट सोडायचं. तू घाईत पोट चपटं करायचास. गाडीवरही तेच करत असशील.

थट्टा राहू दे. चौथीनंतर मला ताप आला आणि कान गेले तेव्हा घरच्यांनी म्हटलं, आता शाळेत जाऊन काय करणार. मग मी घरात. माणसं बोलायची, हसायची, मी तोंडाकडे बघत राहायचे. तरी मला तोवरचं बोलणं आलेलं होतं. या पोरीला तेवढंही आलेलं नाही. तिला घरात बसवू नका एवढंच मी म्हणेन.

सावकाश शीक. मिनलला आशीर्वाद. पत्र टाकत जा, वाट पाहते.

तुझी
अक्का इंद्रायणी

*

मोशी,
दि. १९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
भिमाजीचा सा. न. वि. वि.

मी नापास झालो. कसा झालो ते लिहायला हात धजत नाही, पण तुझ्यावाचून सांगू कोणाला?

मैदानावर पिवळ्या रेघांनी दोन वर्तुळे एकमेकांना चिकटवल्यासारखी आखली होती. माझा नंबर आल्यावर मी साहेबांना विचारले की आठ कुठे आहे. साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग रेघांकडे, आणि म्हणाले, बाबा, त्याच्यावरच उभे आहात.

अक्का, मी मराठी आठ गिरवत होतो. फोनवर, नोटेवर, बसच्या पाटीवर इंग्रजी आठ रोज बघतो, पण आठ काढा म्हटले की हात पाटीवरचाच काढतो. फक्कीनेही तोच आखला. महिनाभर डावीकडे पोट काढले आणि शेपूट सोडले. उजवीकडे एकदाही वळलो नाही.

तरी म्हटले बघू. गाडी पुढे घेतली, डावे वळण झकास घेतले आणि सवयीने तिथून सरळ सुटलो तो रेघ ओलांडून लिंबाखाली, जिथे लोकांनी हेल्मेटे ठेवली होती. दोन हेल्मेटे घरंगळत गेली. रांगेतली पोरे खो-खो हसली. एकजण म्हणाला, आजोबा डायरेक्ट आळंदीला निघाले. साहेब हसले नाहीत. शांतपणे म्हणाले की उजवे वळण शिकून पुन्हा या.

युनूसभाई आता एका गॅरेजमध्ये काम करतो, तिथून तो सोबत आला होता. तोही आधी हसला. मग माझे तोंड बघून म्हणाला की चूक माझीही आहे, मी आठ म्हणालो, कुठला ते सांगितलेच नाही. घरी येऊन मिनलला सांगितले. वाटले होते हसेल. ती पीठ मळत होती, मळत राहिली, नंतर एवढेच विचारले की पुढची तारीख कधीची आहे.

उजवीकडे वळताना मला वाटते गाडी अंगावर येते आहे. पाय आपोआप खाली जातो. तो माझे ऐकतच नाही. तारीख दसऱ्याच्या आधीची मिळाली आहे. काही आशा वाटत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भिमाजी

*

ओतूर,
दि. ३० सप्टेंबर २०२४

चि. भिमाजीस,
अनेक आशीर्वाद.

मी मोठी शहाणी! पोट काढ, शेपूट सोड म्हणून तुला शिकवत बसले. मलाही पाटीवरचाच आठ दिसला. आपण दोघं एकाच शाळेतले, आणखी काय व्हायचं. नातवाने इंग्रजी आठ कागदावर काढून दिला, तो मी बोटाने गिरवून पाहिला. त्याला सुरुवात नाही की शेवट नाही. नुसतं फिरत राहायचं. अवघड आहे रे.

माझं ऐकशील तर वळताना खाली बघू नकोस, जिकडे जायचं तिकडे बघ. हे मला गाडीतलं कळतं म्हणून नाही सांगत. डोक्यावर हंडा घेऊन मी गल्लीतून तशीच वळायचे. आणि पडलास तर हट्ट सोड. तू खाटेवर पडलास तर मिनलने पोरीला बघायचं की तुला?

उत्कर्षाचा पापा घे. बहिणीची आठवण ठेव.

तुझी
अक्का

*

मोशी,
दि. २८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
भिमाजीचा सा. न. वि. वि.

दिवाळीला पत्र टाकले नाही, रागावू नकोस. सांगण्यासारखे काही नव्हते.

दसऱ्याआधीच्या तारखेला पाय टेकला. अगदी शेवटच्या वळणावर टेकला. त्यानंतरची तारीख दिवाळीच्या पलीकडचीच मिळाली. मी शाळेच्या बाईंकडे जाऊन आणखी थोडे थांबा म्हणून हात जोडले. त्यांनी मला खुर्चीवर बसवले, पाणी दिले, आणि नाही म्हणाल्या. सुट्टी संपल्यावर जागा चऱ्होलीच्या एका मुलीला दिली. तिची आई तिला रोज पाठीवर घेऊन बसने आणते असे ऐकले. तिच्यावर कसा रागवू? आमचे नाव पुढच्या जूनसाठी लिहून घेतले आहे, पण खात्री देत नाहीत.

आणि मग मी पास झालो. जिकडे जायचे तिकडे बघितले. साहेबांनी ओळखले, म्हणाले, बाबा, आज आळंदी नको. युनूसभाईने पेढे आणले. मिनलने एक हातात घेतला, खाल्ला नाही.

लायसन्स घरी आले त्या दिवशी माझ्या डोक्यात काय शिरले कोण जाणे. मिनलला न सांगता उत्कर्षाला गणवेश घातला, मागे बसवले आणि निगडीला नेले. वाटले, पोरीला समोर बघून बाईंचे मन फिरेल. रस्ताभर तिने मला घट्ट धरले होते. फाटक दिसले तशी उडी मारून धावली आणि सरळ आपल्या बाकाशी गेली. तिथे ती दुसरी मुलगी बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाईंनी हाताला धरून तिला बाहेर आणले आणि माझ्याजवळ दिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. खाणाखुणा करून त्या तिला काहीतरी सांगत होत्या, पण ती त्यांच्याकडे बघेना, माझ्याकडे बघत होती.

तेव्हापासून ती रोज सकाळी दप्तर अडकवून स्कूटरवर जाऊन बसते. उतरवले तर पुन्हा चढते. म्हणून मी तिला मोशीतून एक चक्कर मारून घरी आणतो. तिला वाटते आज शाळा बंद आहे. उद्या पुन्हा बसते. मिनल कंपनीत असते, तिला मी हे सांगितलेले नाही.

आपली जागा गेली, आता तिथे जायचे नाही, हे ऐकू न येणाऱ्या पोराला कसे सांगायचे? तुला कोणी सांगितले होते, अक्का? कसे सांगितले ते आठवत असेल तर तेवढे मला लिहून पाठव.

उत्तराकडे डोळे लावून,

तुझा
भिमाजी