तेल कुठे सोडावं, याचं साधं पान

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. डोळ्यांत औषध वेळेवर पडतंय ना? (मामी, पत्र वाचून दाखवताना कंसातलं गाळा.)

आपल्या दुकानाची वेबसाइट मी नव्याने केली आणि आनंद पोटात मावेना, म्हणून लिहितो. शिलाई मशीन दुरुस्तीच्या तुमच्या युक्त्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचाव्यात म्हणून आधीची वेबसाइट मोठ्या हौसेने केली होती. फिरती चाकं, आपोआप वाजणारं संगीत, आणि युक्त्या वळणदार अक्षरात लिहून त्यांचे काढलेले फोटो. ती उघडता उघडता गिऱ्हाइकांचे फोन मान टाकायचे. तुम्हाला सगळं वाचून दाखवणारा तुमचा फोन तर नुसतं "चित्र, चित्र, चित्र" म्हणत राहिला. फोटोतली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत, हे मला कुठलं ठाऊक. ("माझं जन्मभराचं काम ह्याने एका शब्दात आटोपलं," असं मामा म्हणाले, हे तुम्ही मला सांगितल्याचं त्यांना कळू देऊ नका.)

म्हणून सगळं काढून टाकलं. आता नुसता मजकूर. कुठे मथळा, कुठे परिच्छेद, एवढ्याच खुणा करायच्या, शिंपी कापडावर खडूने करतो तशा. पुर्जे कमी, त्यामुळे बिघडायला जागाच नाही. बायको म्हणाली, "फारच उघडंबोडकं दिसतंय." मी म्हटलं, "उघडून तर बघ." डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. मग मी दिवसभर ते उघडत आणि मिटत बसलो, दुरुस्तीच्या मशिनी तशाच पडून राहिल्या. फोटो एकच ठेवलाय, तुमचा. त्याला शब्द जोडलेत: "मामा, हातात बॉबिन, कपाळाला आठी." तुमचा फोन आता तेही वाचेल.

तुमचा,
हरखून गेलेला भाचा

ता.क. बायकोने आत्ता तिच्या फोनवर पान शोधलं, तर सापडेना. ते इतका वेळ माझ्याच कॉम्प्युटरच्या पोटात होतं, नेटवर चढवायचं राहूनच गेलं होतं. तिने चढवलं. तरी तेवढंच झटपट उघडतंय, मी पुन्हा पुन्हा बघतोय.

ता.क. आणखी एक. (मामी, हा कंस मात्र मोठ्याने वाचा. मामा, गिऱ्हाइकं हे निमित्त आहे. त्या 'चित्र' प्रकरणानंतर तुम्ही मला एकदाही फोन केला नाहीत. दुकानात करमत नाही. म्हणून पानावर मशिनीत तेल सोडायची जागा मी मुद्दाम चुकीची लिहिली आहे. गिऱ्हाइकांनी तिथे तेल ओतायच्या आत मला शिव्या घालायला फोन करा.)