रॉकेलचा गॅस आणि पांढरकवड्यातले शेवटचे दिवस

३ फेब्रुवारी १९६४
मुंबईच्या रिफायनरीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली आहे. अर्ज हेडमास्तरांमार्फत, २९ तारखेच्या आत. क्रॅकिंगचा, म्हणजे तेलाचे मोठे रेणू तोडण्याचा, प्रत्यक्ष अनुभव असल्यास प्राधान्य. अनुभव नाही. पंधरा दिवसांत मिळवीन. लीप वर्ष आहे, एक दिवस जास्तीचा.
या शाळेत विज्ञान शिकवायला सहा महिन्यांसाठी आले होते. तिसरं वर्ष चालू आहे. म्हणजे फार उरलं नाही.

६ फेब्रुवारी
योजना: शाळेसाठी गॅस प्लँट. कोळशावर लाल तापवलेल्या नळीत रॉकेल थेंबथेंब सोडायचं. लांब साखळ्यांचे रेणू तुटून लहान होतात, त्यांचा गॅस बर्नरला. हेडमास्तर भीमसिंग सर लगेच हो म्हणाले. अर्जाचं सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

९ फेब्रुवारी
निजामुद्दीन मिस्त्रींनी ट्रकच्या सायलेन्सरचा पाइप कापून दिला. म्हणाले, बाई, रॉकेल जाळायचंच हाय तं स्टोव्ह काय वाईट हाय? रेणू समजावले. म्हणाले, मोठं तोडून लहान करनं तं आमच्या गॅरेजात रोजच होऊन राह्यलं. मी हसले नाही.

१३ फेब्रुवारी, सायंकाळी
गॅस नाही. धूर आणि डांबर. अंगावरचं पातळ वाया गेलं. दोष कोळशाचा.

१५ फेब्रुवारी
गॅस झाला. पुरावा: माझी डावी भुवई.

१८ फेब्रुवारी
गॅस सोडताच ब्रोमिनच्या पाण्याचा रंग गेला. लहान रेणू सिद्ध. घरमालकीण सोनीबाईंना सांगितलं, खोली सोडते. म्हणाल्या, मांगच्या साली बी सोडली होती नं पोरी. दुर्लक्ष केलं. ट्रंक रिकामी करून पुसली.

२२ फेब्रुवारी
शाळांचे इन्स्पेक्टर आले. शाळेच्या प्रयोगशाळेतले बाराही बर्नर पेटले. सरांनी त्यांना गॅसवरचा चहा पाजला. साहेब खूश.
ते गेल्यावर अर्ज पुढे ठेवला. सर म्हणाले, बाई, तुमी गेल्यावर हे मशीन कोन चालवीन? जिल्ह्यातल्या मास्तरायले शिकवाले साहेबानं तुमचंच नाव लिहून नेलं. अर्ज सरांच्या टेबलाच्या खणात गेला.
मी शांत आहे. सात दिवस आहेत.

२७ फेब्रुवारी
खणाकडे पाहिलं. सर म्हणाले, अनुभव जितका जास्त तितका बरा. तत्त्वतः बरोबर आहे.

२९ फेब्रुवारी
अर्ज खणातच. सोनीबाईंनी ट्रंकेत वर्षाची तूरडाळ भरली. रिकामीच होती, म्हणाल्या.
पुढच्या वर्षाचं रॉकेल मागवलं. सर तीन डबे म्हणत होते. मी आकडेमोड करून चार लिहिले.