येताना अडीच, जाताना साडेसात

तीर्थरूप वन्सं यांना भावजयीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच. खरंच घातला तर उठवायला माणूस लागेल.) तुमचा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे. शिवणयंत्र चालतंय, मीही चालतेय, दोघींना अधूनमधून तेल लागतं एवढंच.

पत्रास कारण की, काल मी विमानाच्या तिकिटांच्या दुकानात भांडून आले. सहज चौकशीला गेले होते, तुमच्याकडे यायचं म्हणून मुळीच नाही. आधी ह्यांच्या पुस्तकातला आशियाचा नकाशा काढून तुमचं शहर ते आमचं शहर शिवणाच्या फितीनं मोजलं. साडेतीन हजार किलोमीटर भरलं. तिकीटवाली मुलगी म्हणाली, "मावशी, जवळजवळ चार हजार." म्हटलं असेल, पृथ्वी गोल आहे, गोलाईला कापड जास्त लागतंच.

मग ती म्हणाली, सकाळी दहाला निघून संध्याकाळी साडेपाचला पोचाल. मी म्हटलं, "अगं, तिकडून यायला अडीच तास आणि इकडून जायला साडेसात? वाटेत घाट लागतो का?" मी ऐकीव बोलत नव्हते. गेल्या वर्षी तुमचं तिकीट मी स्वतः वाचलं होतं : निघणार दहा, पोचणार साडेबारा. (माझी शाळा चौथीत सुटली, पण वजाबाकी त्याआधी झाली होती.)

मुलगी हसली नाही. तिनं भिंतीवरची दोन घड्याळं दाखवली. तुमचं घड्याळ आमच्या अडीच तास पुढे. विमान जाताना पाच तास, येतानाही पाचच. तिकिटावर तिथली वेळ तिथल्या घड्याळाची, इथली इथल्या.

वन्सं, मी तिथल्याच खुर्चीत बसले. गेल्या वर्षी ह्यांचं जास्त झालं तेव्हा मी तुम्हाला पहाटे पाचला फोन केला होता. तुम्ही दहाला विमानात बसलात. दारात तुम्हाला पाहताच मी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ जात होता आणि तुम्ही पाच तास बॅग भरत होतात?" माझा फोन आला तेव्हा तुमच्याकडे तर साडेसात वाजले होते. अडीच तासांत तुम्ही घर सोडलंत आणि विमान गाठलंत. बॅग कसली, पिशवीत एक टॉवेल होता. दोन पायांत दोन जातीच्या चपला होत्या. मी तेही पाहिलं होतं, पण वजाबाकीवरच विश्वास ठेवला. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत आणि नंतर वर्षभर फोनही केला नाहीत.

चूक माझी. मोठ्या मनानं पदरात घ्या.

आपली भावजय

ता. क. – तिकीट पुढच्या गुरुवारचं काढून झालंय. "येऊ का?" असं आधी विचारायला हवं होतं, ते आता विचारते. तुमच्या घड्याळात साडेपाचला उतरेन.

ता. क. – हे रागापोटी सांगायचं राहिलं. तुमचे भाऊ त्या दिवशी अकराला गेले. साडेदहाला त्यांनी विचारलं, "ताई कुठवर आली?" तुमचा काहीच निरोप नव्हता. त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी खोटंच म्हणाले, "पोचतीलच आता." ते "बरं" म्हणाले. काल घरी येऊन पुन्हा वजाबाकी केली. तुम्ही तेव्हा तीन तासांची वाट कापली होती. निम्म्याहून जास्त.