आमच्या बाजूची शिळा

रविवार, १ सप्टेंबर

झालं! ऑक्टोबरात शेवटची उपासना आणि एक नोव्हेंबरला चर्चच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात. पाद्रीणबाईंनी आज वाचून दाखवलं. चार गावांची चर्चं सांभाळतात बिचाऱ्या, दर रविवारी एकीकडून दुसरीकडे गाडी हाकत असतात. त्यांच्यावर राग धरून काय करायचं? घेणारा कुणी एडिनबरोचा आहे. राहायला घर करणार म्हणे. आमचे बाक आहेत तिथे त्याचं स्वयंपाकघर येणार. येऊ दे. मला जे रडायचं होतं ते मी वसंतातच रडून घेतलं.

पण युद्धात गेलेल्या आमच्या माणसांची शिळा तिथे राहणार नाही! परक्या माणसाच्या फ्रीजवर जेमीकाकांचं नाव? मी हिंडतीफिरती आहे तोवर तरी नाही.

उपासनेनंतर चहा पिताना वॉटी रेनी म्हणाला, "आमच्या नावांचं पितळ चार स्क्रू काढले की निघतं. तुमच्या धोंड्याचं तुम्ही बघा बुवा." धोंडा म्हणाला! शाळेत माझ्या वेणीला डिंक लावायचा, तेव्हापासून या माणसात काडीची सुधारणा नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

शीनाचा डंडीहून फोन. शिळेचं सांगितलं, तर माझीच लेक मला विचारते, "आई, पण मुळात एका चर्चमध्ये दोन-दोन स्मारकं कशाला?"

कशाला म्हणजे? आपण वरचे आणि ते खालचे म्हणून! टेकडीवरचं चर्च आपलं होतं, खालचं त्यांचं. माझ्या आजोबांच्या काळात दोन्ही एक झाली — म्हणजे कागदावर झाली. आपली माणसं शिळा घोडागाडीत घालून खाली घेऊन आली, उत्तरेच्या भिंतीवर चढवली आणि तिच्याखाली बसली. खालचे दक्षिणेला, त्यांच्या पितळेखाली. नंतर दुसरं महायुद्ध झालं. तोवर मंडळी एक होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी वरच्या घरांतली नावं शिळेवर कोरली गेली आणि खालच्यांची पितळेवर. कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारण्यासारखं त्यात काही वाटलंच नसणार.

शीना म्हणाली, "धन्य आहे तुमची." मग तिच्या लेकीचं, किर्स्टीचं गाऱ्हाणं — हॉटेलातली नोकरी सोडली पोरीने, पुढे काय करणार ते सांगत नाही. एकोणीस वर्षांची आहे, सांगेल. मी एकोणिसाव्या वर्षी कुणाला काय सांगत होते?

सोमवार, ९ सप्टेंबर

गावच्या हॉलमध्ये गेले. पाथरवट पिरी टेप घेऊन आला होता. भला माणूस, कमी बोलतो. कोटांच्या खुंट्यांशेजारची भिंत उत्तम आहे. पितळ एकीकडे, शिळा दुसरीकडे. मी मनातल्या मनात फुलंसुद्धा मांडली.

पिरीने वर तुळईपर्यंत मापलं, खाली भिंतीला ठोकलेल्या लाकडी फळीपर्यंत मापलं. पुन्हा मापलं. मान खाजवली.

"वीतभर कमी पडतंय, बाई."

"मग?"

"शिळेचं खालचं कोरं कापलं की बसेल. नावांना धक्का लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम."

मी नाही म्हटलं. असं काही म्हटलं की खुंट्यांना लटकलेले कोट हलले असतील.

तेच, सोमवार, जेवणानंतर

खालचं कोरं म्हणजे काय, हे पिरीला कसं सांगायचं? पहिल्या महायुद्धानंतर शिळा घडवली तेव्हा नावांखाली एक शास्त्रवचन कोरायचं ठरलं होतं. कोणतं वचन, यावर चर्चचे वडीलजन भांडले. वर्षभर भांडले! दोघांनी तर एकमेकांच्या शेतातून जाणं सोडलं. शेवटी वचन राहून गेलं आणि जागा कोरी राहिली. मग दुसऱ्या युद्धाने तिच्यातली बरीचशी भरली. सगळ्यात शेवटचं नाव जेमीकाकांचं — माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, इटलीत गेला. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण वडील दर रविवारी ज्या नजरेने त्या नावाकडे बघायचे, ती मी पाहिली आहे.

त्यांच्या नावाखाली उरली आहे ती वीतभर कोरी जागा. ती कापली तर करवत थेट काकांच्या नावाला भिडणार. शिळा म्हणजे काय पाव आहे, कड आवडत नाही म्हणून काढून टाकायला? घोडागाडीतून टेकडी उतरली तेव्हा कुणी कापली नाही. आताही अख्खी जाईल.

फळी कापायची. शिळा नाही. ठरलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

हॉल कमिटीचा अध्यक्ष कोण? वॉटी रेनी! आणि ती फळी कुणी बसवली? वॉटीच्या बापाने!

"माझ्या बापाने रात्री जागून ती फळी बसवली आहे, नेट्टा. वीतभर कोऱ्या दगडासाठी तिला करवत लावू?"

"अरे, कोरा असला तरी आमचा दगड आहे."

"नावं लाकडावर नव्याने कोरून घे. सुबक दिसेल. आणि एक नाव कोरायचं वाचेल तुझं — जॉर्ज मेस्टन आमच्या पितळेवर आहेच."

यावर मी दार आपटून निघाले. घरी येईपर्यंत हातमोजे त्याच्याच टेबलावर राहिल्याचं लक्षात आलं नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

हातमोजे माझ्या फाटकावर अडकवलेले सापडले. चिठ्ठी नाही, काही नाही. हा माणूस!

बुधवार, १८ सप्टेंबर

रडत बसण्यापेक्षा हिंडलेलं बरं. कमिटीची बैठक सोळा ऑक्टोबरला. तोवर प्रत्येक सभासदाच्या दारात मी उभी राहणार. गुडघा कुरकुरतोय. कुरकुरू दे.

आज गिरणीजवळच्या इना डथीकडे गेले. तिने मसूर-गाजराचं सूप वाढलं, ओटकेक दिले, नातवंडांचे फोटो दाखवले, आणि शिळेचा विषय काढला की पुन्हा सूप वाढलं! तीन वाट्या प्याले. निघताना म्हणाली, "वॉटी हो म्हणाला तर माझं हो." म्हणजे सगळ्या वाटा त्याच्याच दाराशी.

रविवार, २९ सप्टेंबर

पाद्रीणबाईंना गाठलं. म्हटलं, व्यासपीठावरून दोन शब्द बोला. त्या म्हणाल्या, "नेट्टा, मी बोलले तर दोन्ही बाजू माझ्यावर उलटतील. ते सोडून बाकी काहीही सांगा." खरंय त्यांचं. तरी राग आलाच.

मग सहज म्हणाल्या, "तुमच्याकडे नोव्हेंबरात स्मृतिरविवारी युद्धात गेलेल्यांची नावं वाचताना एक नाव दोनदा वाचतात, ते चुकून का?" मी म्हटलं, नाही हो. जॉर्ज मेस्टनचा बाप खालचा आणि आई वरची. पोरगा गेल्यावर दोघांनीही आपापल्या चर्चमध्ये नाव दिलं. मागे कुणी घ्यायचं? कुणीच नाही! म्हणून शंभर वर्षं तो पितळेवरही आहे आणि शिळेवरही. नावं वाचायचं काम वॉटीच्या घराण्यात. आधी पितळ वाचतो, मग शिळा. लहानपणी दुसऱ्यांदा मेस्टन आला की आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. आणि आयांचे चिमटे खायचो.

बाई हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे नवरा-बायको एकाच घरातून निघून वेगवेगळ्या वाटेने जायचे?" मी म्हटलं, हो, फाटकापर्यंत बरोबर.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पाऊस. गुडघा. काही नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

शेवटची उपासना झाली. चर्च भरलं होतं. ज्यांना आम्ही फक्त लग्नात आणि मयतीत बघतो तेही आले. शीना आली होती. किर्स्टी नाही आली, काहीतरी काम होतं. स्तोत्र म्हणताना माझा आवाज गेला, पण पुढच्या कडव्याला परत आणला. तेवढं जमतं मला.

सगळे सूप आणि सँडविचसाठी हॉलकडे गेले. मी फडकं घेऊन मागे राहिले. शिळा पुसायची होती. निदान स्वच्छ तरी निघेल.

पाठीमागे पावलं वाजली. वॉटी! टोपी हातात, मधली वाट ओलांडून चक्क उत्तरेकडे. आयुष्यभर तो दक्षिणेला बसला. नावं वाचतो तीही कागदावरून. शिळेजवळ मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मेस्टन कुठाय?" म्हणाला.

मी दाखवला. वॉटीच्या आजीचा तो भाऊ. वॉटीने चष्मा काढला, बोट लावलं. कोरलेल्या अक्षरांत बोट फिरवत राहिला.

"किती खोल आहे गं हे. आमच्या पितळेवर बोटाला काही लागतच नाही."

मी फडकं बाकावर ठेवलं.

"आजी सांगायची," तो म्हणाला, "शिळा बसली त्यानंतर तिची म्हातारी आई रोज टेकडी चढून जायची. रविवार नसला तरी. अशीच बोट फिरवायची म्हणे. तिला वाचता येत नव्हतं." मग म्हणाला, "आणि मी काय म्हणालो तुला? एक नाव वाचेल म्हणून."

"म्हणालास खरा."

"गाढव आहे मी."

"ते शाळेपासून."

हसला. नाक पुसलं. टोपी घातली, पुन्हा काढली, चर्चमध्ये आहोत हे आठवून. म्हणाला, "फळी माझ्या बापाने बसवली. कापायची तर मीच कापणार. त्या पिरीला हात लावू देणार नाही." आणि पितळेच्या बाजूने न जाता माझ्याबरोबर उत्तरेच्या दाराने बाहेर पडला. हॉलमध्ये आम्ही दोघं एकत्र शिरलो, तेव्हा इना डथीच्या हातातलं सँडविच बशीत पडलं!

बुधवार, १६ ऑक्टोबर

बैठक. वॉटी म्हणाला, "शिळा अख्खी येईल. विरोध?" एकही हात वर नाही. चहा. संपलं. यासाठी मी महिनाभर गावभर सूप पीत हिंडले!

जिंकले. लिहून ठेवते: जिंकले.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

वॉटीने फळी कापली. मी बघायला गेले तर गुडघ्यांवर बसून तुकड्याच्या कडा घासत होता. "फेकणार नाही हा," म्हणाला, "घरी नेतो." मी टॅब्लेटच्या गोड वड्या केल्या होत्या घरी — दूध आटवून, भरपूर लोणी-साखर घालून, माझ्या आईसारख्या. डबा त्याच्यापुढे ठेवला. डॉक्टरने त्याला साखर बंद केली आहे. अर्धा डबा संपवला.

शनिवार, २६ ऑक्टोबर

शिळा उतरली! पिरी, त्याची दोन माणसं, दोऱ्या, लाकडी ओंडके. भिंतीपासून सुटताना असा काही आवाज झाला की मी डोळेच मिटून घेतले. पण एक कपचाही उडाला नाही. घोंगड्यांत गुंडाळून पिरीच्या आवारात नेली. बुधवारी हॉलमध्ये बसवणार. किल्ल्या द्यायच्या आत, आणि स्मृतिरविवारच्या कितीतरी आधी.

जाण्यापूर्वी पिरीने विचारलं, "शेवटचं विचारतो, बाई. कोरं ठेवायचं ना?" मी म्हटलं, "पिरी, इंचभर जरी कमी झालं तर तुझी धडगत नाही."

भिंतीवर मागे फिकट चौकोन राहिला. तो बघायला मला त्रास होईल असं वाटलं होतं. झाला नाही. शिळा माझ्याकडे आहे.

उद्या किर्स्टी चहाला येतेय. शीना फोनवर म्हणाली, काहीतरी बातमी आहे, ती तिच्या तोंडूनच ऐक. मुलगा असणार कुणीतरी! स्कोन करते. जॅम उघडते.

रविवार, २७ ऑक्टोबर

किर्स्टी सैन्यात चालली. सही करून आली आहे, जानेवारीत प्रशिक्षण सुरू. "आजी, मला वाटलं तुला अभिमान वाटेल." वाटला. खरंच वाटला, मी तिला तसं सांगितलं, दोन स्कोन खायला लावले, बसपर्यंत सोडलं, हात हलवला. घरी आले आणि कोट न काढता पिरीला फोन लावला. म्हटलं, काप. तो म्हणाला, काय? म्हटलं, खालचं कोरं काप, जेमीकाकांच्या नावाला अगदी लागून. वॉटीच्या फळीचं मी बघते. तिथे आणखी एकही नाव मावता कामा नये.