सोडलेली जागा

२ जून, सोमवार
तंजावूर आवडलं! पुण्याहून निघताना आईचा जीव खालीवर होत होता. पण राजवाड्यामागच्या गल्लीत घरमालकीण सरोजाबाईंनी दार उघडलं आणि मराठीतच विचारलं, "सापाड झालं का ग?" म्हणजे जेवलीस का. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधेच तमिळ शिरते. जेवायला भात नि दह्यात कालवलेली डांगर पच्चडी. उद्यापासून हरिप्रसादसरांच्या कंपनीत. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी ते नवी प्रोग्रामिंग भाषा घडवताहेत. अशा कामाची मी चार वर्षं वाट पाहिली.

५ जून
सरांनी काम समजावलं. प्रोग्राम मेमरीतली जागा घेतो, वापरतो, सोडतो. सोडलेल्या जागेला चुकून हात लागला की सगळं कोसळतं. आमच्या भाषेचा नियम असा, की सोडलेल्या जागेपर्यंत कुणी पोचूच शकणार नाही. शेवटची एक अट तेवढी लिहायची राहिलीय. आधीचं काम कुणी केलं, विचारलं. सरांना आठवेना.

९ जून
खोलीतल्या टेबलाच्या खणात वही मिळाली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. वर नाव: सुरेंद्र. पानापानांवर आमच्याच भाषेचे आराखडे. शेवटी एवढंच: "नियम पुरा करू नका. मी केलों. आता अम्मा मला ओळखत नाही. अट पुसलों, तरी नाही."
सरोजाबाईंना विचारलं. म्हणाल्या, सुरेंद्र कुणी नव्हता, मला मूलबाळ नाही. बोलता बोलता त्यांनी आमच्या दोघींच्या ताटांशेजारी तिसरं ताट मांडलं. मग त्याच्याकडे बघत राहिल्या. का मांडलं, त्यांनाच कळेना.

१२ जून
वही म्हणजे कुणाची तरी चेष्टा, असं मनाला बजावलं. सरांना आज नियम हवाच होता. दुपारी अट लिहिली, नियम तपासणारा कंपायलर चालवला. सगळ्या चाचण्या पास!
सर टाळ्या वाजवत आले. माझ्या शेजारी काम करणाऱ्या अखिलाला त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? ती म्हणाली, माहीत नाही. मी हसले, मीच की सर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी नम्रपणे विचारलं, आपण कुणाला भेटायला आलात?

१३ जून
कंपनीच्या फाटकावर अडवलं. यादीत नाव नाही.
आईला फोन केला. "आई, मी विनुता." ती म्हणाली, "चुकीचा नंबर लागला, ताई. मला मुलगी नाही."
आवाज तिचाच होता. मागे बाबा खोकत होते.

१४ जून
भाषेची प्रत लॅपटॉपवर होती. अट पुसली. पुन्हा कंपायलर चालवला. पुन्हा. दहा वेळा—
सरोजाबाईंना हाक मारली. हात धरला. त्यांनी हात झटकला, मुंगी चढल्यासारखा. वर पाहिलंही नाही. सोडलेली जागा आता मीच.

१६ जून
दुपारी बारा. जिन्यावर बोलणं. सरोजाबाई कुणाला तरी खोली दाखवताहेत. मुलगी आहे. पाठीवर बॅग, गळ्यात कंपनीचं कार्ड—
ओरडले. दोघी पंख्याबद्दल बोलताहेत.
मोठ्या अक्षरांत लिहिते. वाच बाई, हे वाच. नियम पुरा करू नकोस. सर काहीही म्हणोत, ती अट—
टेबलाकडे येतेय. खुर्ची ओढली. मी बसलेय तीच. माझ्या बोटांतलं पेन तिनं—